जुना मूग पाहिजे

विजेतून सूर काढणं हा अग्नीनंतरचा मानवजातीचा सर्वांत मोठा शोध आहे. हे मत माझा भाचा सूरज याचं, आणि ते तो जेवायला बसल्यावर मांडतो. त्याच्या घरात अग्नी त्याची आई पेटवते आणि विजेचं बिल त्याचे वडील भरतात, त्यामुळे दोन्ही शोधांकडे त्याला तटस्थपणे बघता येतं.

सूरज पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिथं त्याला कुणीतरी सांगितलं की संगणकातून निघणारा आवाज मेलेला असतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या, खऱ्या वायरींच्या, खऱ्या बटणांच्या यंत्रातून निघणारा आवाज जिवंत असतो. अशा यंत्राला अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणतात. सूरजनं नोकरी सोडली आणि जिवंत आवाजाची तीन मेलेली यंत्रं घेऊन तो बदनापूरला परत आला.

त्यानं मला फरक ऐकवला होता. एक सूर मोबाइलवर, तोच सूर यंत्रावर. मला दोन्ही आजारी वाटले. तो म्हणाला, यंत्राचा आवाज ‘गरम’ आहे. यंत्र आधी बराच वेळ तापू द्यावं लागतं, तोवर ते बेसूर असतं. तापल्यावर ते वेगळ्या तऱ्हेनं बेसूर होतं, आणि त्या दुसऱ्या बेसूरपणासाठी जगभरचे लोक एकमेकांचे गळे धरतात. माझे दाजी तातेराव, म्हणजे सूरजचे वडील, यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझी मोपेड पण तापू द्यावी लागायची. तिला कुणी कला म्हणलं न्हाई."

तीनपैकी एक यंत्र जर्मनीतल्या कुणा म्हाताऱ्याकडून आलं होतं. खोकं फोडल्यावर आधी वास बाहेर आला. शिळी बिअर, सिगारेट, आणि त्याच्या खाली ओल्या कुत्र्यासारखं काहीतरी. सूरजनं पट्ट्या उचकटल्या तर त्या अनोळखी गृहस्थाचे पांढरे केस, पावाचा चुरा, कातडीचा कोंडा आणि पायाच्या अंगठ्याचं एक अख्खं नख निघालं. हातानं वाजवायच्या यंत्रात पायाचं नख कसं गेलं याचा मी पुष्कळ विचार केला आणि ताटावरून उठलो. सूरजनं तो ऐवज चिमट्यानं उचलून एका पारदर्शक डबीत ठेवला. यंत्राचा इतिहास जपावा लागतो म्हणे. माझ्या बहिणीनं, कौसल्याआक्कानं, ती डबी मोरीत रिकामी केली तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

आक्कानं मला विचारलं, "मेल्या माणसाची नखं मी घरात कशाला ठिवू?"

मी म्हटलं, तो माणूस अजून जिवंत आहे.

"मंग त्याच्या घरी ठिव म्हणावं."

आता खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा वाद खोलीचा होता. आक्काचं घर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रस्त्याला लागून जी पुढची खोली, तिचा सूरजनं स्टुडिओ केला. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यानं आमलेटच्या गाड्यावरून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले आणि चारी भिंतींना चिकटवले. काही ट्रेंमध्ये फुटलेल्या अंड्यांचं पिवळं वाळलं होतं. आधी मुंग्या आल्या, मग झुरळं आली, मग झुरळं खायला पाली आल्या. रात्री पाल चुकचुकली की सूरज रेकॉर्डिंग थांबवायचा. त्यातून बाहेरचा आवाज आत यायचा थांबला नाही. आतला वास मात्र बाहेर जायचा.

हीच खोली अक्षताला हवी होती. अक्षता सूरजची धाकटी बहीण. तिनं शिवणकामाचा डिप्लोमा केलेला, बदनापूरच्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे, आणि ती हे सगळं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फोडणीच्या धुरात बसून शिवायची. गिऱ्हाइकांच्या नव्या साड्यांना लसणाचा वास लागायचा. रस्त्यावरची खोली मिळाली तर पाटी लावता येईल, मोटरची मशीन बसवता येईल, असं तिचं म्हणणं. ती रोज संध्याकाळी टेप घेऊन यायची आणि भावाकडे न बघता खोलीचं माप घ्यायची. खोली रोज तेवढीच भरायची.

दाजींनी निकाल दिला होता. दिवाळीपर्यंत बाहेरचा एक तरी शहाणा माणूस या घरात येऊ दे आणि माझ्या तोंडावर म्हणू दे की हे काम आहे. म्हणला तर खोली सूरजची, न्हाई म्हणला तर यंत्रं पलंगाखाली आणि मशीन खोलीत. दाजींची सगळी नोकरी कृषी संशोधन केंद्रात, कडधान्याच्या गोदामावर गेली. तिथं निकाल बियाण्याच्या उगवणीवर लागायचा. घरातही ते तसंच करायचे.

बाहेरचा शहाणा माणूस पुण्यात होता. सुमेधा मॅडम. ध्वनिकलेच्या एका संस्थेतर्फे त्या दरवर्षी एका कलावंताला फेलोशिप देतात. सूरजनं पाठवलेले तुकडे त्यांनी ऐकले आणि फोनवर म्हणाल्या की सगळं छान आहे, पण खालचा आवाज पोकळ वाटतो. "तुमच्याकडे मूग नाही का?"

सूरज म्हणाला, "आहे ना."

मग मी येऊन बघते, त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी.

इथं थोडं थांबतो. मूग हे एका अमेरिकन सिंथेसायझरचं नाव आहे, ज्यानं तो बनवला त्याच्या आडनावावरून पडलेलं. जाणकार त्याचा उच्चार ‘मोग’ असा करतात. पण आपल्याकडे तो मूगच. सूरजनं आयुष्यात तो फक्त व्हिडिओत पाहिला होता. त्यानं मराठीतून एक संदेश लिहिला आणि शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला:

‘जुना मूग पाहिजे. कितीही जुना चालेल. खराब असला, धूळ खात पडलेला असला तरी चालेल. फक्त ओरिजिनल पाहिजे. जागेवर येऊन घेऊन जाऊ. अर्जंट.’

ज्याच्या बापानं हयातभर मूग-उडीद राखले, त्याला हे लिहिताना काही वाटलं नसेल का, असं मला लोक विचारतात. नसेल वाटलं. पुण्यात राहून आलेल्या माणसाच्या डोक्यात शब्दाला एकच अर्थ उरतो आणि तो बाहेरगावचा असतो. शाळेच्या ग्रुपमधून तो संदेश मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दरांच्या ग्रुपवर गेला. नवा मूग नुकताच बाजारात आला होता आणि घरोघरी जुन्याचं काय करायचं हा प्रश्न होता. जालना जिल्ह्यात इतक्या गरजेचा संदेश त्या महिन्यात दुसरा कुठला फिरला नसावा.

पहिला फोन आष्टीहून आला. पाशामियाँ नावाचे भुसार मालाचे जुने दुकानदार. मी तेव्हा तिथंच चहा पीत होतो. सूरजनं फोन स्पीकरवर टाकला.

"चच्चा, तुमच्याकडं जुना मूग आहे म्हणं?"

"हाय ना बेटा. हैदराबादहून आणल्ता. एकदम ओरिजिनल."

सूरजनं माझ्याकडे पाहिलं. हैदराबादला पूर्वी मोठमोठे ऑर्केस्ट्रा होते, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

"कंडिशन कशी आहे? कीज सगळ्या आहेत का?"

आष्टीची रेंज जरा खरखरती आहे.

"कीड? कीड तर लई हाय. खोटं कशाला बोलू."

"मोजल्यात का?"

"कीड कोण मोजतं बाबा."

"बरं, बरं. आवाज येतो का पण?"

"येतो. दुपारी सामसूम झालं आणि कान लावला की येतो. करकर, करकर."

सूरजनं फोनवर हात ठेवला आणि मला हळूच सांगितलं की बिनवायरीचा, नुसता पडलेला मूग करकरतोय म्हणजे आत चार्ज शिल्लक आहे. मला त्यातलं कळत नाही म्हणून मी मान हलवली. मग त्यानं विचारलं, आवाज गाळणाऱ्या फिल्टरचं काय.

"चाळून पाहिजे तर चाळून देतो," पाशामियाँ म्हणाले. "पर माझं ऐकशील तर तसाच न्ये. चाळला तर काहीच उरणार न्हाई."

सूरजचे डोळे ओले झाले. आष्टीच्या बाजारात बसलेल्या माणसाला हे कळतं, तो मला म्हणाला, आणि पुण्यातल्या लोकांना कळत नाही.

आम्ही माझ्या गाडीतून निघालो. गाडी माझी, म्हणून मी. वाटूरपर्यंत सूरज मला सांगत होता की मूगमध्ये तीन आवाज एकाच वेळी एकमेकांना घासतात आणि त्यांच्या घासण्यातून तो खालचा, पोटात जाणारा सूर तयार होतो. वाटूरच्या चौकात आम्ही चहा घेतला. कपाच्या कानावर आधीच्या गिऱ्हाइकाची सुपारी होती. मी ती पुसली आणि चहा प्यालो. माणसाला सवय होते.

पाशामियाँचं दुकान पुढं आणि घर मागं. गृहस्थ सत्तरीचे, पांढरी टोपी, स्वच्छ सदरा. त्यांनी आधी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, घरची विचारपूस केली. तातेराव म्हणजे गोदामवाले तातेराव का, हे विचारलं. मग त्यांनी मागच्या ओसरीत नेलं. तिथं कमरेएवढी पत्र्याची एक कोठी होती.

सूरज कोठीच्या मागं बघून आला. मग कोठीच्या आजूबाजूला पाहिलं. मग त्यानं विचारलं, मूग कुठं आहे.

पाशामियाँनी झाकण काढलं.

मी हे सावकाश सांगतो, कारण मी ते पटकन पाहिलं आणि तेव्हापासून सावकाश विसरतो आहे. कोठीत मूग म्हणावा असा एकही दाणा नव्हता. प्रत्येक दाण्याला गोल भोक, आणि दाण्यात दाण्याऐवजी पिठूळ काहीतरी. वरचा थर हलत होता. नीट बघितल्यावर कळलं की थर म्हणजेच भुंगे होते, तपकिरी, एकमेकांच्या पाठीवर, वर चढून खाली पडणारे. मधे मधे जाळी धरून गोळे झालेले. एका बाजूला उंदीर कधीतरी आत जाऊन मेला असावा, कारण शेपूट होतं. वास गोडसर होता. घाण वासाची मला सवय आहे, गोड वासाची नाही.

पाशामियाँ म्हणाले, दोन साल झाले. घरवालीनं सांगितलंय की हे काढा न्हाईतर मी माहेरी जाते. तू देवासारखा आलास. फुकट ने.

सूरज दोन पावलं मागं सरकला. त्याला कळलं होतं. घरी येणारी मॅडम, दिवाळी, पलंगाखालची यंत्रं, सगळं एकदम कळलं होतं, आणि एका म्हाताऱ्या माणसापुढं ते बोलून दाखवायचीही सोय नव्हती. मला खरंच त्याची दया आली. मी म्हणालो, चल, निघू या.

पाशामियाँना वाटलं, माल पसंत पडला नाही. ते म्हणाले, "आवाज तर ऐक. फोनवर तूच इचारलास ना."

त्यांचा मान राखायला म्हणून सूरजनं कोठीच्या पत्र्याला कान लावला. मीही लावला. आत खरोखर आवाज होता. हजारो तोंडं एकाच वेळी काहीतरी कुरतडत असल्याचा, बारीक, कोरडा, न थांबणारा. मी कान काढला आणि रुमालानं पुसला. सूरजनं काढला नाही. त्याचा चेहरा बघून मला कळलं की आता आपण ही कोठी घेऊन जाणार आहोत.

पाशामियाँनी स्वतः दोरी बांधून दिली. कोठी गाडीच्या मागच्या सीटवर आली. झाकण घट्ट बसत नव्हतं. जालन्यापर्यंत माझ्या मानेवरून काहीतरी चालत होतं आणि ते काय असेल याची चौकशी मी केली नाही.

घरी पोचलो तर दारात माणसं. वाटूरहून एकजण पोत्यात मूग घेऊन आला होता, त्या मुगाला बुरशीची हिरवी दाढी आली होती. दुसऱ्यानं भिजून मोड आलेला आणि मोड येऊन सडलेला आणला होता. एका बाईंनी डब्यात आणला, त्यात मांजर मुतलं होतं, आणि हे त्यांनी आपणहून सांगितलं कारण संदेशात ‘खराब चालेल’ असं स्पष्ट लिहिलं होतं. हा मुलगा याचं करतो काय, यावर रस्त्यावर चर्चा चालू होती. एकाचं मत पडलं की पुण्याच्या हॉटेलात याचे पापड होतात. तसं असेल, दुसरा म्हणाला, मी मागच्या महिन्यात खाल्लेत. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दाजी पायरीवर बसले होते आणि प्रत्येक पोत्यात हात घालून, बोटांनी चोळून, वास घेऊन, कुठली कीड ते सांगत होते. निवृत्तीनंतर मी त्यांना इतकं कामात पाहिलं नव्हतं. लोकांना समजावून परत पाठवलं. दोन पोती तरीही रस्त्यावर राहिली आणि ती ज्या गायीनं हुंगली ती पुन्हा त्या रस्त्यानं आली नाही.

कोठी खोलीत जाताना दाजी उठले. "अरे, जिंदगी गेली माझी ह्यांना मारण्यात," ते म्हणाले. "आणि तू त्यांना घरात आणून माईक लावून राह्यला."

सूरजनं माईक लावलाच. चिकटपट्टीनं कोठीच्या पत्र्यावर चिकटवायचा चपटा माईक असतो, तो. त्याची वायर जर्मन यंत्रात, तिथून दुसऱ्या, जपानी यंत्राच्या फिल्टरमध्ये, तिथून स्पीकरला. आणि मला कबूल करावं लागेल की स्पीकरमधून जे आलं त्यात ती आष्टीची करकर नव्हती. एक खोल, जाड घरघर होती. खुर्चीच्या पायातून वर येणारी, आतड्यात बसणारी. सूरज म्हणाला, फिल्टरनं वरचं कापलं आणि किड्यांचा मूळ सूर बाहेर आला. त्यानं बटण फिरवलं की घरघर रुंद व्हायची, परत फिरवलं की घशात अडकल्यासारखी व्हायची. मला जेवण आठवू लागलं, आधीचं.

रविवारी सुमेधा मॅडम आल्या. खादीचा कुर्ता, चांदीची कडी, बिनसाखरेचा चहा. आक्कानं कोठीवर स्वच्छ पांढरी चादर घातली होती. खोलीत उदबत्ती लावली होती, त्यामुळे आता अंडी, झुरळं, मूग आणि मोगरा असा वास येत होता. मॅडमनी नाकाला ओढणी लावली आणि म्हणाल्या, जागेला कॅरेक्टर आहे. दाजी दाराशी स्टुलावर बसले. अक्षता त्यांच्या मागं, टेप गळ्यात.

सूरजनं बटण फिरवलं. घरघर सुरू झाली. मॅडमनी डोळे मिटले. त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलली. मग त्या बोलल्या.

"हा मूग. डोळे मिटून सांगते. हा आवाज कॉम्प्युटरवर खोटा काढताच येत नाही. काय जिवंत आहे हो."

"जिवंतच आहे मॅडम," सूरज म्हणाला.

"ओरिजिनल?"

"हैदराबादहून आलेला."

"मला हात लावायचाय त्याला," मॅडम म्हणाल्या.

सूरज जागचा हलला नाही. तेव्हा दाजी स्टुलावरून उठले, आत आले, चादर काढून नीट घडी केली आणि कोठीचं झाकण उघडलं.

"घ्या. हा मूग. दोन साल जुना."

मॅडमनी आत पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग खालून वर गेला आणि परत आला नाही. माझी खात्री आहे, तो एक परिच्छेद त्या आधी बोलल्या नसत्या तर त्या तिथंच ओकल्या असत्या. पण त्या बोलून बसल्या होत्या. डोळे मिटून ओळखलं होतं.

"म्हणजे हे... ऑरगॅनिक आहे?" त्यांनी विचारलं.

"ऑरगॅनिकच म्हणा," दाजी म्हणाले. "औषध मारलं असतं तर हे झालंच नसतं."

मॅडमनी गिळलं. काय गिळलं ते मला दिसलं नाही, पण घसा वर जाऊन खाली आला. मग त्यांनी कडी कोपरापर्यंत सरकवली आणि हात आत घातला. मनगटापर्यंत. तो हात आत जाताना पिठात बोटं रुतल्यासारखा आवाज झाला आणि आक्का मागच्या मागं स्वयंपाकघरात गेली. पण त्याच क्षणी स्पीकरमधली घरघर बदलली. खाली गेली, मऊ झाली, जणू एखाद्या जनावराच्या पाठीवर कुणी हात ठेवला. मॅडमनी हात काढला, घरघर परत चढली. त्यांनी पुन्हा, या वेळी पत्र्याच्या काठाला तळवा टेकून, हात ठेवला. खाली गेली.

"हे स्पर्श ओळखतं," त्या कुजबुजल्या. "माझ्या हाताला मुंग्या येतायत. मला त्याची ऊर्जा जाणवतेय."

एक भुंगा कड्यावरून दंडाकडे निघाला होता. त्यांनी त्याला झटकलं नाही. त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी लग्नात नावडत्या नातेवाइकाचा हार घालून घेणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

दाजींनी मुद्द्याचं विचारलं. "मॅडम, हे काम हाय का? तेवढं सांगा."

सूरज यंत्राच्या कडेला धरून उभा होता. अक्षता मॅडमच्या तोंडाकडे बघत होती.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हे फार मोठं काम आहे."

दाजींनी झाकण लावलं. शब्द म्हणजे शब्द, ते म्हणाले, आणि खोली सूरजची झाली. अक्षतानं गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मॅडमना आक्कानं जेवायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या की त्यांचा आज उपास आहे, आणि बदनापूर सुटेपर्यंत तो हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

फेलोशिप मिळाली. पत्रात ‘धान्य, क्षय आणि विद्युत यांचा त्रिवेणी ध्वनी’ असे शब्द होते. सूरजनं ते पत्र फ्रेम करून अंड्यांच्या ट्रेवर लावलं, आणि फ्रेमच्या मागं पालीनं अंडी घातली. कोठीतला मूग संपत आला की भुंगे मरतील म्हणून तो आता मोंढ्यातून चांगला मूग आणून वरून ओतायचा. आक्का गरजेपुरतीच बोलायची. घरातल्या तांदळात, डाळीत, पोळीच्या डब्यातही भुंगे दिसू लागले होते. दाजींच्या चहात एक निघाला. त्यांनी तो बोटानं काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि उरलेला चहा प्यायले. माणूस हरला की असा पितो.

अक्षताचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. दाजींना ते टोचत होतं. त्यांनी मागच्या पडवीला पत्रे टाकून दिले आणि दिवाळीच्या आठवड्यात तिथं तिची नवी मोटरची मशीन बसवली. पडवी ओलसर. पहिल्याच दिवशी ब्लाउजची बाही शिवताना तिला मशीनचा झटका बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती म्हणाली, भावाला खोली दिली ते ठीक, पण मला मारू तर नका. दाजींनी तेव्हाच्या तेव्हा वायरमन बोलावला. त्यानं अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली आणि साऱ्या घराच्या बोर्डांना तार जोडून दिली. झटका बंद झाला.

त्या संध्याकाळी सूरजनं फेलोशिपचं पहिलं रेकॉर्डिंग करायला यंत्रं तापवली. स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्यानं माईक बदलला, वायरी बदलल्या, फिल्टरची सगळी बटणं दोन्ही टोकांपर्यंत फिरवली. कोठी उघडली तर भुंगे ठणठणीत, पूर्वीपेक्षा जास्तच. मला फोन करून बोलावलं. मी पत्र्याला कान लावला, करकर व्यवस्थित चालू होती. स्पीकरला कान लावला, तिथं काही नव्हतं. त्यानं कोठीवर तळवा ठेवला, काढला, परत ठेवला.

सुमेधा मॅडमना त्यानं कळवलं आहे की भुंग्यांची वसाहत सध्या मौनात आहे. त्यांचं उत्तर आलं की मौनही ध्वनीच असतो आणि घाई नाही.

स्पीकरमध्ये घरघरत होती ती वीज; त्या घराला दिवाळीपर्यंत अर्थिंग नव्हतं.